भोक पाडायचं नाही

खोल्या घेतल्या तेव्हा शिध्यांची एकच अट होती:
भिंतीला भोक पाडायचं नाही.
पुढच्या खोलीत राउटर, मागच्या खोलीत माझा संगणक,
मधली खोली त्यांच्या सामानाची, तिला त्यांचं कुलूप.
वायर जाणार कुठून?

लॅपटॉप घ्या, सगळे म्हणतात.
पण माझे फॉन्ट या जुन्या पेटीतच शुद्धीवर असतात.
दुसरीकडे नेले की रफार उडून
शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो,
'स्वर्गवासी'चा 'र्स्वगवासी' होतो
आणि समाजाच्या अंकातली श्रद्धांजली वाचून लोक हसतात.
एकदा हसलेत.

म्हणून जेलरोडला हुजैफाकडे गेले.
त्यानं काउंटरवर मांडलं
तळहाताएवढं हिरवं कार्ड, दोन अँटेना, एक तबकडी.
"आंटी, लड़का भेजूँ? दो सौ लेगा."
म्हटलं, पंचवीस वर्षं लोकांच्या चुका काढतेय,
एक कार्ड बसवेन की.

रविवारी पेटी चटईवर आडवी केली.
झाकण सरकवलं तर आत करड्या लोकरीसारखी धूळ
आणि एक शेवेचा तुकडा.
वडलांच्या छापखान्यातला, खिळे झाडायचा ब्रश होता,
त्यानं झाडलं.

हुजैफानं बजावलं होतं, आधी पत्र्याला हात लावा,
अंगातली वीज उतरू द्या.
लावला. काही जाणवलं नाही.
इतकी निमूट जाते, तर होती कशाला?

लांब फट नाही, तिच्याखालची आखूड.
पाठीमागची पत्र्याची पट्टी
पुढे-मागे, पुढे-मागे हलवली,
दुधाच्या दातासारखी कट्कन हातात आली.
मग कार्ड. सोनेरी दात खाली, दोन्ही अंगठे वर,
आणि जोर, जेवढा लावायची भीती वाटते
त्याहून थोडा जास्त.
मदरबोर्ड किंचित लवला.
मी "अगं अगं" म्हणाले. कुणाला, ते विचारू नका.

बसलं.

आणि स्क्रू पडला, बोर्डाखाली जाऊन दडला.
पेटी उचलून खुळखुळ्यासारखी हलवली,
तर खालून शिधये वहिनी:
"भोक पाडताय का हो?"
"नाही हो, स्क्रू!"
शेवटी चटईवर पडला. एक नव्हे, दोन.
दुसरा कधीचा, कुणाच्या हातून निसटलेला,
कुठे लागतो, माहीत नाही.
तो काडेपेटीत ठेवलाय.

तबकडी घालायला माझ्या पेटीला तोंडच नाही.
ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो,
इंटरनेटला ड्रायव्हर लागतो.
अर्धा तास मी नुसती बसून होते.
मग फोन तारेनं जोडला.
आटलेल्या हातपंपात आधी तांब्याभर पाणी ओततात,
तसं फोननं थोडं उसनं दिलं,
आणि कोपऱ्यात यादी उघडली.

अग्रवाल सेकंड फ्लोअर. लोढा स्वीट होम.
गुड्डू का नेट. पैसे भरो फिर चलाओ.
अख्खं रामबाग हवेत, प्रत्येकाला एकेक कुलूप.
यांतल्या निम्म्यांच्या लग्नपत्रिका मी जुळवल्यात,
पण ही नावं ठेवताना कुणी मला प्रूफ दाखवलं नाही.

देवनागरीत एकच होतं,
चारही कमानी भरलेल्या, म्हणजे भिंतीपलीकडचंच कुणीतरी:
आशिर्वाद.

शि ऱ्हस्व.

माझं नाव शोधलं, पासवर्ड घातला,
अंकाची सोळा पानं पाठवली, वेळेच्या तासभर आधी.
संपलं खरं म्हणजे.
पण घर कुठलं ते ठाऊक नाही, किल्ली नाही,
आणि जिन्यात अडवून विचारायचं तरी काय?

मघापासून माउसचा बाण
त्या वेलांटीवर ठेवून बसलेय.